गिधाड वर, स्पंज खाली: ही शिडी लावली कुणी?

इगतपुरी तालुक्यातल्या सर्वतीर्थ टाकेदला जटायूचं स्थान आहे. सीतेला सोडवण्यासाठी रावणाला आडवा गेलेला जटायू पंख तुटून इथं पडला आणि त्याच्या तोंडी शेवटचं पाणी घालायला रामाने सगळी तीर्थं इथं बोलावली, अशी श्रद्धा आहे. जटायू गरुड की गिधाड यावर अधूनमधून हुज्जत होते. वाल्मीकींनी त्याला गृध्रराज म्हटलंय, तेव्हा ती मिटायला हरकत नसावी. मेलेल्यावर जगतो म्हणून ज्याला एरवी अभद्र समजतात, ज्याचं नाव भांडणात एकमेकांच्या अंगावर फेकतात, त्या पक्ष्याला आमच्या जिल्ह्यात देवळाचा मान आहे.

स्पंजच्या वाट्याला असलं काही आलेलं नाही. नाशिकला समुद्र नाही, त्यामुळे स्पंज म्हणजे गाडी पुसायचा पिवळा तुकडा एवढीच ओळख. तो तुकडाही खरा स्पंज नव्हेच, कारखान्यातला पॉलियुरेथेन. समुद्रतळाशी खडकाला चिकटून बसणारा, डोकं-पोट-हातपाय काही नसलेला एक प्राणी याच नावाचा आहे, हे दहावी झालेल्या पुष्कळांना आठवत नाही. सछिद्र प्राणी म्हणून प्राण्यांच्या वर्गीकरणात त्याचं नाव पहिलंच येतं. परीक्षेत एका गुणाला विचारतात, आणि विषय संपतो.

या दोघांना शेजारी बसवायचं कारण म्हणजे एक प्रश्न. उत्क्रांतीवर बोलणं निघालं की व्याख्यानानंतर, कट्ट्यावर, घरच्या जेवणाच्या ताटावरसुद्धा तो वेगवेगळ्या रूपांत येतो. आकाशातून पाच-सहा किलोमीटरवरचं जनावर हेरणारा पक्षी कुठे आणि तो बिनमेंदूचा गोळा कुठे! हे दोघं नातेवाईक? त्या गोळ्याचाच म्हणे हळूहळू पक्षी झाला? विचारणारा बहुधा उत्क्रांती खोडून काढायला विचारतो. मला काळजी वाटते ती उत्तर देणाऱ्याची. कारण तोही बहुतेक वेळा मान डोलावतो, ‘हो, कोट्यवधी वर्षं लागली, पण झाला खरा’ असं म्हणतो, आणि प्रश्नात दडलेली शिडी तशीच उभी ठेवतो. खालच्या पायरीवर स्पंज, मग मासा, मग बेडूक, सरडा, पक्षी, आणि सगळ्यात वर हात कमरेवर ठेवून आपण.

ही शिडी खोटी आहे. आणि ती वर्गातली किरकोळ चूक म्हणून सोडून देता येत नाही, कारण कुठल्या जिवासाठी आवाज उठवायचा आणि कुणावर डांबर ओतलं तरी चालतं, हे ठरवताना आपण तिच्यावरच उभे असतो.

आधी स्पंज नीट बघू. त्याच्या अंगावर असंख्य बारीक छिद्रं असतात. आत नळ्यांचं जाळं, आणि जागोजागी खोल्या. खोल्यांच्या भिंतींना पेशी चिकटलेल्या. प्रत्येक पेशीला एक चाबकासारखा तंतू आणि त्याच्याभोवती उभी जाळीदार कॉलर. तंतू हलत राहतो, पाणी बारीक छिद्रांतून आत ओढलं जातं, कॉलरमध्ये जिवाणू आणि कण अडकतात, आणि गाळलेलं पाणी वरच्या मोठ्या तोंडातून बाहेर पडतं. पाणबुडे हे दाखवायला एक प्रयोग करतात. जिवंत स्पंजच्या बुडाशी थोडा रंग सोडतात. क्षणभर काहीच होत नाही. मग वरच्या तोंडातून रंगाचा लोट धुरासारखा वर चढायला लागतो. तोवर दगड वाटणारी वस्तू किती कामात आहे हे तेव्हा कळतं. दिवसभरात स्पंज स्वतःच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी असं गाळून काढतो. हृदय नाही, स्नायू नाहीत, मज्जासंस्था नाही. तरी अंगात गाळ साचला की काही जातींचे स्पंज सावकाश, कित्येक मिनिटं घेऊन, आक्रसतात आणि घाण बाहेर टाकतात. शास्त्रज्ञ याला चक्क स्पंजची शिंक म्हणतात.

१९०७ साली विल्सन नावाच्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने एक जिवंत स्पंज रेशमी कापडातून पिळून काढला. पलीकडे पाण्यात नुसत्या सुट्या पेशी पडल्या. त्या पेशी सरपटत एकमेकींकडे गेल्या, त्यांचे पुंजके झाले, आणि काही दिवसांत त्या पुंजक्यांतून पुन्हा पाणी गाळणारे छोटे स्पंज उभे राहिले. गिधाडाचा एक पंख मोडला तरी त्याचा खेळ संपतो. इथे अख्खा प्राणी गाळणीतून काढला तरी त्याचं दुकान पुन्हा सुरू. आता यातला प्रगत कोण?

प्रश्न मुद्दाम आडवा विचारलाय, कारण त्याला उत्तर नाही. ‘प्रगत’ कशात ते आधी सांगावं लागतं. उंचीत विचाराल तर गिधाड. १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये आयव्हरी कोस्टवर एका विमानाला आफ्रिकेतलं रुपेल गिधाड धडकलं होतं, ते सुमारे ११,३०० मीटर उंचीवर. एव्हरेस्टच्या माथ्यापेक्षा अडीच किलोमीटर वर. आयुष्यात विचाराल तर स्पंज. खोल समुद्रातल्या काचेच्या (म्हणजे काचेसारख्या सांगाड्याच्या) स्पंजांचं वय हजारो वर्षांत मोजतात. नजर, पचन, प्रजनन, झीज भरून काढणं, उपासमार सोसणं, एकेक कसोटी घ्या आणि क्रम बदलत जाईल. आपण मात्र डोळे, मेंदू आणि हालचाल याच कसोट्या निवडतो. त्या आपल्याकडे आहेत म्हणून.

स्पंजमधून गिधाड झालं, हे वाक्यच मुळात चूक. आजचा स्पंज गिधाडाचा पूर्वज नाही. दोघांचा एक समाईक पूर्वज साठ कोटी वर्षांहूनही मागे समुद्रात होता; तिथून दोन वाटा फुटल्या आणि दोन्ही वाटा आजपर्यंत चालत आल्या. स्पंजची वाट मधेच थांबली नाही. त्यालाही गिधाडाइतकीच वर्षं मिळाली, तेवढ्याच संकटांतून तोही गेला. चुलतभावाला कुणी बाप म्हणत नाही, आणि तो आपल्यासारखा शिकला नाही म्हणून तो आपल्या आजोबांच्या पिढीतला ठरत नाही. दोघंही आजच्या तारखेत उभे आहेत.

‘माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला?’ या प्रश्नाची मुळं याच गैरसमजात आहेत. जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी आपल्या शेजारीच, तेव्हाच्या औरंगाबादेत, हाच युक्तिवाद करून डार्विन चूक असल्याचं सांगितलं. देशभरातले वैज्ञानिक तुटून पडले, पडायलाच हवं होतं. पण आपण मुलांच्या डोळ्यांपुढे वर्षानुवर्षं चित्र कुठलं ठेवलं? वाकलेलं माकड, मग जरा ताठ, मग आणखी ताठ, शेवटी भाला घेतलेला माणूस, सगळे एका ओळीत चाललेले. टी-शर्टवर तेच, विज्ञान प्रदर्शनाच्या थर्माकोलवर तेच. ते चित्र बघून मोठा झालेला माणूस मंत्री झाला आणि त्याने विचारलं की ही रांग कुणी पाहिली, तर त्याचा निष्कर्ष चुकीचा असला तरी रांग आपणच काढली होती.

शिडीचं वेड परदेशातून आलेलं आहे असंही नाही. ॲरिस्टॉटलपासून युरोपात ती होतीच. आपल्याकडे चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा आणि त्याच्या शेवटी मिळणारा दुर्लभ मनुष्यजन्म आहे. कीर्तनात त्याला अर्थ आहे: मिळालेला जन्म वाया घालवू नकोस. पण तोच फेरा जीवशास्त्र म्हणून सांगितला की गोंधळ होतो. दशावतारांचंही तसंच. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन… बघा, डार्विनच्या आधी आमच्याकडे उत्क्रांती, असा संदेश दर काही महिन्यांनी मोबाइलवर फिरून येतो. पाठवणाऱ्याचा अभिमान मी समजू शकतो. अवतारांची ती माळ एका हेतूने, एका दिशेने जाते. उत्क्रांतीला हेतू नाही आणि दिशाही नाही. जुळणी केल्याने दशावताराचा मान वाढत नाही आणि उत्क्रांती मात्र पुन्हा शिडीवर चढते.

डार्विनलाही ही सवय सहज सुटली नाही. दुसऱ्याच्या एका पुस्तकाच्या समासात त्याने स्वतःला बजावलं होतं की वरचा-खालचा हे शब्द कधी वापरू नयेत. पुढे स्वतःच्या ग्रंथात ते वापरलेच. १८३७ च्या त्याच्या वहीत मात्र जे रेखाटन आहे ते फांद्या फुटलेल्या झाडाचं आहे. शिडी त्यात नाही.

आता एक मजा बघा. शिकारी पक्षी म्हणून आपण ज्यांना एका पंगतीत बसवतो, ते तरी एका घरचे आहेत का? घार, गरुड, गिधाड हे एकमेकांच्या जवळचे. ससाणा मात्र त्यांच्यातला नाही. २००८ साली पक्ष्यांच्या जनुकांची मोठी तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा ससाणा गरुडापेक्षा पोपटाच्या आणि चिमण्यांच्या जवळचा निघाला. वाकडी चोच आणि नख्या दोन्हीकडे वेगवेगळ्या आल्या. उलट गिधाड ‘शिकारी’ कुळातलं असून शिकार करत नाही. आणि गरीब, अचल समजल्या जाणाऱ्या स्पंजांत शिकारी आहेत! १९९५ साली भूमध्य समुद्रातल्या एका गुहेत राहणाऱ्या स्पंजाबद्दल कळलं की तो पाणी गाळत नाही. अंगावरच्या सूक्ष्म आकड्यांत तो लहान कवचधारी जीव अडकवतो, मग त्याच्या पेशी सावकाश त्यांच्यावर चढतात आणि त्यांना पचवतात. गाळणीची यंत्रणा त्याच्या वंशाने टाकून दिली. शिकार न करणारा शिकारी पक्षी आणि शिकार करणारा स्पंज. शिडीवर यांना कुठल्या पायऱ्या द्यायच्या ते सांगा.

स्पंजची साधेपणाची ख्यातीही वरवरची आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या एका स्पंजचा जनुकसंच २०१० साली वाचला गेला. त्यात अठरा हजारांहून जास्त जनुकं सापडली. माणसाची प्रथिनं बनवणारी जनुकं वीस हजारांच्या घरात आहेत. चेतापेशींच्या जोडांमध्ये लागणाऱ्या कित्येक प्रथिनांची जनुकं त्या बिनचेतापेशींच्या प्राण्यात हजर होती.

इथे कुणी म्हणेल, हे सगळं शाब्दिक झालं. गिधाडाला मेंदू आहे, पिल्लाला ते चारतं, जखम झाली की त्याला दुखतं. स्पंजला यातलं काही नाही. मग दोघांना एका मापात कसं तोलता? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो झटकून टाकणारे माझ्या बाजूचे लोक मला पटत नाहीत. वेदना हा खरा फरक आहे. गिधाडाला दगड मारणं आणि स्पंज कापणं एकच, असं मी म्हणणार नाही. प्राण्यांशी क्रूरपणा करण्याविरुद्धचे कायदे मज्जासंस्था बघून केले तर त्यात गैर काही नाही. पण वेदनेचा निकष क्रूरतेच्या प्रश्नापुरता. एखादा जीव नाहीसा झाला तर बाकीच्यांचं काय होईल, हा प्रश्न निराळा, आणि त्याचं उत्तर मेंदूच्या आकारावरून निघत नाही.

त्याचं उत्तर निघतं कामावरून. आणि कामाच्या बाबतीत हे दोघं चक्क एकाच धंद्यातले आहेत: सफाई. एक माळरानावरची, एक पाण्यातली.

गिधाडाचं काम थांबल्यावर काय होतं ते आपण भोगलं. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात भारतात ९९.९ टक्के घटली. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या कड्यांवर राहणाऱ्या लांब चोचीच्या गिधाडाच्या बाबतीत घट सुमारे ९७ टक्के. कारण २००४ साली पाकिस्तानातल्या अभ्यासातून हाती आलं: डायक्लोफेनॅक. दुखण्यावर गुरांना दिलं जाणारं स्वस्त इंजेक्शन. औषध अंगात असताना जनावर मेलं, गिधाडांनी ते खाल्लं, की त्यांचे मूत्रपिंड बंद पडत. पक्ष्यांच्या शरीरातला टाकाऊ नायट्रोजन युरिक आम्लाच्या रूपात बाहेर पडतो. तो अडला की रक्तात साठतो. मेलेलं गिधाड उघडलं की काळजावर, यकृतावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर दिसायचा. आणि यासाठी सगळी जनावरं औषधाची असावी लागत नव्हती. शास्त्रज्ञांनी गणित मांडलं तेव्हा दर १३० ते ७६० मृत जनावरांमागे एकात घातक मात्रा असली तरी एवढी घट होऊ शकते असं निघालं. वर्षाला एकच अंडं घालणारा, वयात यायला पाच वर्षं घेणारा पक्षी. त्याच्यापाशी तूट भरून काढायला शिल्लक काहीच नसते. ज्या गुंतागुंतीमुळे आपण त्याला वरची पायरी देतो, तीच इथे नडली.

मग मेलेली जनावरं कुजत पडली, भटकी कुत्री वाढली, पाणवठे नासले. गिधाडं जिथे पूर्वी भरपूर होती ते जिल्हे आणि जिथे मुळात कमी होती ते जिल्हे यांची तुलना करून फ्रँक आणि सुदर्शन या अर्थतज्ज्ञांनी २०२४ साली अंदाज मांडला: २००० ते २००५ या काळात गिधाडं गेल्यामुळे सुमारे पाच लाख माणसं जास्तीची मेली. सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये त्या तीन मिलिलिटरच्या एकमात्रा कुपीवर आणल्या. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही जनावरांसाठी बंदी आली. हरसूलजवळ खोरीपाड्याला वनखात्याने आणि गावकऱ्यांनी गिधाडांसाठी जेवणाची जागा केली, मेलेली जनावरं तिथे आणून टाकतात. ही सगळी कामं चांगली आहेत, आणि नाशिकपुरता निधी एकाच जिवाला द्यायचा असेल तर मी गिधाडालाच देईन. तो वरच्या पायरीवर आहे म्हणून नव्हे. तो इथं आहे, मोजका उरला आहे, आणि तो का मरतो हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून.

स्पंज मेले तेव्हा बातमी झाली ती व्यापाराची. १९३८-३९ मध्ये कॅरिबियन समुद्रात रोग पसरला आणि अंघोळीच्या स्पंजांची शेतंच्या शेतं गेली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लोरिडाच्या उपसागरात शैवालसदृश जिवाणूंचा बहर आला, स्पंज मोठ्या प्रमाणावर मेले. त्यांच्या आडोशाला राहणारी शेवंड्यांची पिल्लं उघड्यावर पडली, आणि पाणी गाळणारं कुणी न उरल्याने गढूळपणा आणखी वाढायला वाव मिळाला. शेवंड्या बाजारात विकल्या जातात, म्हणून एवढं तरी नोंदलं गेलं.

आणि ज्यांना उपयोगाची भाषाच कळते त्यांच्यासाठी आणखी एक. १९५१ साली बर्गमन आणि फीनी यांनी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या एका स्पंजातून काही अनोळखी रसायनं वेगळी केली. त्यांच्या धर्तीवर तयार झालेलं सायटाराबिन १९६९ साली अमेरिकेत मान्य झालं आणि आजही रक्ताच्या कर्करोगावर, विशेषतः तीव्र मायलॉइड प्रकारावर, ते मुख्य औषधांपैकी एक आहे. स्तनाच्या कर्करोगावरचं एरिब्युलिनही एका जपानी स्पंजातल्या रसायनावरून आलं, २०१० साली मान्य झालं. जागा बदलता न येणारा प्राणी शत्रूपासून पळू शकत नाही. तो रसायनं बनवतो. ती बनवण्यात त्याने जी करामत केली, तिला मेंदूची गरज पडली नाही. समुद्रमंथनातून चौदा रत्नं निघाली आणि त्यातल्या अमृताचा थेंब आपल्याकडे पडला म्हणून आपण बारा वर्षांनी सिंहस्थ भरवतो. आज नाशिकच्या एखाद्या रुग्णालयात सलाइनच्या बाटलीतून जे उतरतंय, तेही त्याच समुद्राच्या तळाच्या ओळखीने आलेलं असू शकतं.

तर सिंहस्थ. मला या सगळ्याचा शेवट समुद्रात करायचा नाही, गोदावरीत करायचा आहे. कारण स्पंज गोड्या पाण्यातही असतात. १८४० च्या दशकात हेन्री कार्टर नावाच्या इंग्रज शल्यवैद्याने मुंबईतल्या तलावांमधल्या स्पंजांचा अभ्यास केला होता. त्याच्या नावाचा युनापियस कार्टेरी हा स्पंज भारतात आजही दूरवर आढळतो. दगडाला, बुडालेल्या लाकडाला हिरवट-पिवळट खरबरीत पापुद्रा धरलेला दिसतो, तो शेवाळ समजून लोक खरवडून टाकतात. पाणी आटलं की बहुतेक जाती डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या कणांत स्वतःचं बीज साठवतात आणि पाऊस आला की पुन्हा वाढतात. शिंपले आणि दगडांना चिकटलेले बाकीचे बारीक जीव पाणी गाळण्याच्या कामात त्यांचे सोबती. फुकटात, वीज न लागता, रात्रंदिवस.

गोदापात्रातलं काँक्रीट काढा म्हणून नाशिककर वर्षानुवर्षं भांडले, कोर्टात गेले. त्या लढ्याबद्दल मला आदर आहे. पण चर्चा झाली ती जिवंत झऱ्यांची आणि प्राचीन कुंडांची. तपोवनातल्या झाडांवर कुऱ्हाड येणार म्हटल्यावर लोक रस्त्यावर उतरले, तेही बरोबर. नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात पक्षीगणना होते, २०२० मध्ये त्याला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला तेव्हा आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. झाड दिसतं, पक्षी दिसतो, कुंडाला नाव असतं. तळाच्या दगडावरचा पापुद्रा शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर, म्हणून त्याच्यावर सिमेंट ओतताना कुणाचाच हात थरथरत नाही. आणि मग त्याच पाण्यासाठी आपण सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचे कोट्यवधींचे आराखडे मांडतो. ती केंद्रं हवीतच, एवढ्या शहराचं सांडपाणी स्पंज-शिंपले गाळू शकणार नाहीत असं कुणीही सांगेल. पण प्रक्रिया केलेलं पाणी नदीत सोडल्यावर पुढचं काम कुणी करायचं? सपाट काँक्रीटने?

म्हणून माझी मागणी दोन ठिकाणी आहे. पहिली शाळेत. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या पुस्तकातून २०२३ मध्ये उत्क्रांतीचा भाग गळला, तेव्हा अठराशेहून जास्त वैज्ञानिक-शिक्षकांनी पत्र लिहून निषेध केला. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये आनुवंशिकता व उत्क्रांती हा पहिलाच धडा राहिला, याचं मला समाधान आहे. अभ्यासक्रम बदलताना तो हलू नये यावर लक्ष ठेवलं पाहिजे. मात्र धडा असणं पुरेसं नाही. शिडीसकट शिकवलेली उत्क्रांती न शिकवल्यापेक्षा फार बरी आहे असं मला वाटत नाही, कारण ती पहिल्या खोचक प्रश्नाला कोसळते. ‘पुच्छहीन माकड ते माणूस’ ही रांग फळ्यावरून पुसा आणि पोरांना गिधाड, ससाणा, पोपट आणि स्पंज देऊन झाड काढायला सांगा. ससाण्याची फांदी पोपटाकडे वळवताना वर्गात जो आरडाओरडा होईल, तेवढ्यात निम्मा धडा होऊन जातो.

दुसरी मागणी महापालिकेकडे आणि सिंहस्थाच्या यंत्रणेकडे. पात्रात यंत्र उतरवण्याआधी तळाच्या जीवांची नोंद करा. गंगापूर धरणाच्या खाली, शहराच्या मधोमध, आणि शहर ओलांडल्यावर, अशी तीन-चार ठिकाणं घ्या. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर दगड उलटून बघायचे, काय चिकटलंय ते टिपायचं, पावसाळ्यानंतर पुन्हा बघायचं. आपल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विभाग आहेत, दरवर्षी प्रकल्पाचे विषय शोधत हिंडणारी मुलं आहेत. याला मोठं यंत्र लागत नाही. गुडघाभर पाण्यात उभं राहायची तयारी, भिंग आणि वही लागते. नोंद असली की ठेकेदाराला निदान एवढं विचारता येईल की इथं काय होतं आणि तुमच्या कामानंतर काय उरलं. आज तो प्रश्न विचारायलाही आपल्याकडे कागद नाही. पक्षीगणनेच्या अहवालासोबत ही चार पानं दरवर्षी जोडली गेली, तर पुढच्या सिंहस्थापर्यंत बारा वर्षांची नोंदवही हाताशी असेल.